चौथ्या धावपटूची किंमत

मागच्या लेखांकात आपण घाटातल्या, डांबरी रस्त्यांवरच्या शर्यती पाहिल्या. आज रस्ता सोडून माळावर उतरू. क्रॉसकंट्रीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७३ साली बेल्जियममधल्या वारेगेम इथे सुरू झाली. गवत, चढउतार, कधी चिखल अशा जमिनीवर ती पळतात. दोन मैदानं कधीच सारखी नसतात, म्हणून इथे घड्याळापेक्षा क्रमांक महत्त्वाचा. संघातून सहा जण पळतात, त्यांतल्या पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरजेचा संघ जिंकतो. एखादी पहिली आली आणि तिच्या मैत्रिणी साठ-सत्तराव्या आल्या, तर संघाच्या हाती काही लागत नाही. सातारा आणि सांगलीच्या पूर्वेकडच्या तालुक्यांना नेमकी हीच मोजणी हवी आहे, असं माझं म्हणणं आहे.

इथे धावपटू निपजतात, याचा पुरावा शोधत बसायला नको. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. प्राथमिक फेरीतली त्यांची ९ मिनिटं १९.७६ सेकंद ही वेळ राष्ट्रीय विक्रम ठरली. २०२३ मध्ये तो विक्रम मोडला मेरठच्या पारुल चौधरींनी. विक्रम मोडला याचं दुःख नाही, तो मोडण्यासाठीच असतो. पण ललिताताईंच्या पाठोपाठ माण, खटाव, आटपाडी किंवा जतमधून आणखी तिघी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर का दिसल्या नाहीत, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. आपण पहिलीचा सत्कार करतो. दुसरी, तिसरी, चौथी घरी जातात, आणि पुढच्या वर्षी मैदानावर आल्या की नाही, हेही कोणी पाहत नाही.

याउलट केनियाच्या पुरुष संघानं १९८६ ते २००३ अशी सलग अठरा वर्षं क्रॉसकंट्रीचं जागतिक सांघिक विजेतेपद राखलं. या काळात वैयक्तिक विजेता दरवेळी केनियाचाच होता असं नाही. १९९० आणि १९९१ साली मोरोक्कोचा खालिद स्काह पहिला आला, २००२ आणि २००३ साली इथिओपियाचा केनेनिसा बेकेले. तरीही सांघिक सुवर्ण केनियाकडेच गेलं, कारण पहिल्याच्या मागचे त्यांचे धावपटू संघाची बेरीज सर्वांत कमी ठेवायचे. यावर कोणी म्हणेल, ती उंचीची किमया आहे. केनियातलं धावपटूंचं इतेन गाव सुमारे २४०० मीटरवर आहे, माणदेश त्याच्या निम्म्यावरही नाही. उंचीचा फायदा खरा आहे. पण नॉर्वेच्या ग्रेटे वाइट्झ यांनी ही स्पर्धा पाच वेळा जिंकली आणि पोर्तुगालच्या कार्लोस लोपेश यांनी तीन वेळा, आणि हे दोघेही तितक्या उंचीवरचे नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९२४ च्या पॅरिसनंतर क्रॉसकंट्री ऑलिंपिकमध्ये नाही. तिथल्या शर्यतीत कडक उन्हात अडतीस जण सुटले आणि पंधराच पोचले, म्हणून खेळच वगळला गेला. मग जिथे ऑलिंपिक पदक नाही, तिथे मुलांचा घाम का गाळायचा? कारण ही शर्यत पायाभरणीची आहे. केनियाच्या बिएट्रिस चेबेट यांनी मार्च २०२४ मध्ये बेलग्रेडला जागतिक क्रॉसकंट्री जिंकली आणि ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाच व दहा हजार मीटरची दोन्ही सुवर्णपदकं मिळवली. आपल्या बीड जिल्ह्यातले अविनाश साबळे स्टीपलचेसकडे वळले ते सैन्यातल्या क्रॉसकंट्रीतून. त्यांचं गावही माणसारखंच अवर्षणाच्या पट्ट्यातलं.

साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते, मग आणखी वेगळं काय हवं, असंही विचारलं जाईल. यवतेश्वर घाटातल्या त्या शर्यतीनं शहराला पळायला शिकवलं, याबद्दल मला आदरच आहे. पण एकवीस किलोमीटर हा चौदा वर्षांच्या मुलीचा पल्ला नव्हे, आणि तिथे प्रत्येक जण स्वतःपुरता पळतो. तिला दोन-तीन किलोमीटर, मऊ जमीन आणि संघ हवा.

जमीन तर आहेच. नियमाला अपेक्षित असतो तो दीड ते दोन किलोमीटरचा वळसा, मोकळा, गवताळ, डांबर शक्यतो टाळणारा. दहिवडी आणि रांजणी इथे सरकारी महामंडळाची मेंढी-शेळी प्रक्षेत्रं आहेत. चराईला धक्का न लावता तिथे वर्षातून एक सकाळ मिळणं अशक्य नसावं. परतीचा पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, माळावर गवत असतं आणि ऊन सोसवतं. क्रॉसकंट्रीच्या नावाखाली जिथे मुलं डांबरी रस्त्यावर पळवली जातात, तिथे ते आधी थांबवावं.

सुरुवात शाळांच्या मुलींच्या संघांपासून करावी: सहा जणी, चौघींची बेरीज, तालुक्याविरुद्ध तालुका. दहावीनंतर मुलीचं पळणं थांबवणं घरच्यांना सोपं जातं, कारण तिच्यावाचून कोणाचं अडत नाही. संघाचा निकाल चौथीच्या क्रमांकावर ठरू लागला, की तिच्यासाठी तिच्या शिक्षकांना तिच्या घरी जावं लागेल, बाकीच्या पाच जणींनाही.