हिमस्खलन : स्वरूप, कारणे व हिवाळी पदभ्रमणातील दक्षता

मराठवाड्याचा हिमाशी संबंध वरकरणी दूरचा वाटतो. तथापि औरंगाबाद ग्रामीण पोलीस दलातील शेख रफिक यांना २०१४ व २०१५ अशी सलग दोन वर्षे एव्हरेस्टची मोहीम अर्धवट सोडावी लागली. १८ एप्रिल २०१४ रोजी खुंबू येथे बर्फाचा कडा कोसळून १६ नेपाळी कामगार मृत्युमुखी पडले. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने सुटलेला हिमलोट थेट तळछावणीवर आला. मे २०१६ मध्ये त्यांनी शिखर गाठले.

हे दोन्ही अपघात मानवी नियंत्रणापलीकडचे होते. हिवाळी पदभ्रमणातील धोका मात्र निराळ्या जातीचा असतो. शहागंजच्या बाजारपेठेत बर्फ म्हटले की भुशात ठेवलेली लादी डोळ्यांपुढे येते. पर्वतावरील सर्वांत घातक हिमस्खलनही लादीचेच असते. हिम थराथरांनी साचते. कडाक्याच्या थंडीत खालच्या थरातील कण साखरेसारखे सुटे होतात व त्यांवर वाऱ्याने आणलेल्या हिमाची घट्ट लादी बसते. अशा उतारावर माणसाचे वजन पडताच दुबळा थर मोडतो, ती मोड क्षणार्धात पसरते आणि संपूर्ण लादी निसटते. बळी पडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ही लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सोडविलेली असते.

येथे सह्याद्रीतील अनुभव दिशाभूल करतो. गडाची मळलेली वाट खात्रीची असते. हिमावर मात्र पुढचे दहा जण सुखरूप गेले, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. अकरावे पाऊल दुबळ्या जागी पडू शकते. प्रशिक्षणही पुरेसे कवच नव्हे. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी ‘द्रौपदी का दांडा’ शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे पथक हिमस्खलनात सापडले व त्यातील २७ जणांचे मृतदेह हाती आले.

म्हणूनच उताराचा कोन मोजणे हा दक्षतेचा गाभा होय. बहुतेक लादी-स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सौम्य उतारावरून, आणि वर तीव्र उतार नसलेल्या वाटेने जाणारा प्रवासी बराचसा सुरक्षित असतो. ताज्या हिमवर्षावानंतर वा जोरदार वाऱ्यानंतर एक-दोन दिवस थांबावे. पायाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज आल्यास किंवा हिमाला भेगा पडल्यास तत्काळ मागे फिरावे. संशयास्पद उतार ओलांडणे अपरिहार्यच असेल, तर एका वेळी एकानेच जावे व इतरांनी त्याच्यावर नजर ठेवावी.

गाडलेल्या व्यक्तीचा मृत्यू बहुधा थंडीने नव्हे, तर गुदमरून होतो. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्ध्या तासानंतर तिघांपैकी जेमतेम एक. एवढ्या अवधीत बाहेरचे बचावपथक पोहोचणे जवळजवळ अशक्य असते. त्यामुळे प्रत्येकाच्या अंगावर संकेत देणारे व शोधणारे बिनतारी यंत्र, तसेच पाठीवर टोचून पाहण्याची लांब सळई व फावडे असणे आवश्यक ठरते. ही साधने एकाकडेच असून भागत नाही, कारण गाडला जाणारा नेमका तोच असू शकतो.