मधुमेही बोका आणि १६ तासांचं विमान: इन्शुलिन कोणत्या घड्याळाप्रमाणे द्यायचं?

समजा, पुण्यातल्या एका जोडप्याला नोकरीसाठी न्यूयॉर्कला जायचंय. व्हिसा हातात आलाय, फ्लॅट भाड्याने गेलाय, लोणच्याच्या बरण्यासुद्धा पॅक झाल्यात. प्रश्न उरलाय तो फक्त घरातल्या दहा वर्षांच्या बोक्याचा. त्याला मधुमेह आहे. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला इन्शुलिन टोचावं लागतं.

मागे ठेवायचा तर दिवसातून दोनदा सुई धरायला कुणी तयार नाही. न्यायचा तर विमान मुंबईहून रात्री एकला सुटणार, १६ तास हवेत राहणार आणि उतरल्यावर घड्याळ भलतंच काहीतरी दाखवणार. मग सकाळी सातचं इंजेक्शन नक्की कधी द्यायचं? तिकडच्या सातला की इकडच्या?

उत्तर वाटतं तितकं अवघड नाही. पण त्यासाठी आधी हा आजार मांजरात कसा वागतो ते माहीत असावं लागतं.

मांजरांना मधुमेह होतो?

होतो, आणि बऱ्यापैकी होतो. बहुतेक मांजरांमधला मधुमेह माणसांच्या टाईप २ मधुमेहासारखा असतो. वय झालेली, लठ्ठ, घरातच बसून असणारी मांजरं आणि त्यातही नसबंदी झालेले बोके यांच्यात तो जास्त दिसतो. लक्षणंही ओळखीचीच. पाणी खूप पिणं, लघवी खूप होणं, भरपूर खाऊनही वजन उतरणं.

उपचार म्हणजे सहसा दर १२ तासांनी इन्शुलिन आणि कमी कार्बोहायड्रेटचा आहार. वेळेत आणि नीट उपचार झाले तर काही मांजरांचं इन्शुलिन पूर्ण सुटतंसुद्धा. त्यामुळे ‘मधुमेह झाला, आता संपलं’ असं अजिबात नसतं. अशी मांजरं पुढे वर्षानुवर्षं छान जगतात. फक्त १२ तासांची ती लय सांभाळावी लागते, आणि लांबचा विमानप्रवास नेमकी तीच बिघडवतो.

विमानात खरी भीती कशाची?

इंजेक्शन चुकलं तर साखर वाढेल, ही पहिली भीती असते. साखर वाढेलही. शिवाय घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणानेच चढते. पण एखादा डोस उशिरा झाला किंवा एक डोस चुकला, तर बाकी तब्येत ठीक असलेल्या मांजराला सहसा लगेच धोका नसतो. सलग डोस चुकत गेले तर मात्र रक्तात कीटोन्स वाढून जिवावर बेतू शकतं.

तासाभरात जीव धोक्यात आणणारी गोष्ट उलटी आहे. ती म्हणजे साखर खूप खाली जाणं, म्हणजेच हायपोग्लायसेमिया. मांजराने काही खाल्लं नाही आणि नेहमीचा पूर्ण डोस दिला, तर हे होऊ शकतं. घाईगडबडीत दोघांनीही एकेकदा इंजेक्शन दिलं, तरी हेच. अंगात त्राण नसणं, तोल जाणं, थरथर, आचके आणि शेवटी बेशुद्धी, अशी ती उतरण असते.

आणि विमानात मांजर खाईलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. इंजिनाचा आवाज, अनोळखी वास, बंद पेटी. बरीच मांजरं तोंडही लावत नाहीत. त्यात उलटी होऊ नये म्हणून प्रवासाआधी पोट हलकं ठेवा, असा सर्वसाधारण सल्ला असतो. निरोगी मांजराला तो ठीक आहे. इन्शुलिनवरच्या मांजराला उपाशी ठेवून नेहमीचा डोस देणं धोक्याचं आहे.

म्हणून प्रवासाचा पहिला नियम असा: शंका असेल तर इन्शुलिन कमी पडलेलं परवडतं, जास्त झालेलं नाही. डोस गेला की नाही, सुई नीट लागली की फरमध्येच सांडलं, असा प्रश्न पडला तर दुसरा डोस द्यायचा नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं.

घड्याळाचं गणित

दुसरा नियम: मांजराच्या शरीराला टाइमझोन कळत नाही. त्याला कळतात ते मागच्या डोसपासून झालेले तास. त्यामुळे प्रवासात एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवायचं आणि इन्शुलिन त्याच घड्याळाप्रमाणे मोजायचं.

आता गंमत बघा. डोस दर १२ तासांनी असतो, त्यामुळे वेळेतला फरक १२ तासांच्या जवळ जाईल तितकं काम सोपं होतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे भारतातले सकाळचे सात हे तिथले आदल्या रात्रीचे साडेनऊ, आणि भारतातले संध्याकाळचे सात हे तिथले सकाळचे साडेनऊ. हिवाळ्यात फरक साडेदहा तासांचा होतो, तेव्हा हीच वेळ साडेआठवर येते. दोन्ही वेळा सोयीच्या आहेत. म्हणजे काहीही न बदलता तीच लय पुढे चालू ठेवता येते.

कॅलिफोर्निया तर आणखी सोपं. उन्हाळ्यात फरक साडेबारा तासांचा. इकडचे सात म्हणजे तिकडचे साडेसहा.

अडचण होते ती जवळच्या लंडनची. उन्हाळ्यात ते साडेचार तास मागे. त्यामुळे इकडचे सात म्हणजे तिकडचे अडीच, एकदा दुपारचे आणि एकदा मध्यरात्रीचे. रोज रात्री अडीचला उठून इंजेक्शन कोण देणार? अशा वेळी निघायच्या आधीच डोसची वेळ हळूहळू सरकवतात. रोज अर्धा तास उशीर करत गेलं, तर नऊ दिवसांत सातचे साडेअकरा होतात. आणि भारतातले साडेअकरा म्हणजे उन्हाळ्यातल्या लंडनचे बरोब्बर सात. वेळ किती आणि किती दिवसांत सरकवायची हे मात्र व्हेटला विचारूनच ठरवायचं. कोणतं इन्शुलिन चालू आहे आणि साखर किती स्थिर आहे, यावर ते अवलंबून असतं.

१६ तास प्रत्यक्षात कसे जातील?

पुण्याच्या बोक्याचाच हिशेब मांडू. उन्हाळा आहे, विमान रात्री एकचं आहे. आदल्या संध्याकाळी सातला नेहमीप्रमाणे जेवण आणि डोस. मग मुंबईकडे कूच. मात्र पुण्याहून मुंबई गाठायची आणि त्यात आंतरराष्ट्रीय विमानासाठी काही तास आधी पोचायचं, तर सातचा हा डोस वाटेतच येतो. तो मुंबईत नातेवाइकांकडे किंवा एखाद्या हॉटेलात थांबून शांतपणे द्यायचा. धावत्या गाडीत नाही.

पुढचा डोस सकाळी सातचा. तेव्हा विमान सहा तास उडालेलं असेल. आधी साखर बघायची. कानाच्या कडेला बारीक टोचून ग्लुकोमीटरवर ती मोजता येते. मग थोडं खायला पुढे करायचं. बोका खाल्ला आणि साखर पुरेशी असली, तर व्हेटने ठरवून दिलेला डोस. खाल्ला नाही किंवा साखर कमी दिसली, तर व्हेटने सांगितलंय तेवढा कमी डोस किंवा डोसच नाही. ‘इतक्या आकड्याखाली काहीच द्यायचं नाही’ ही सूचना निघण्याआधी कागदावर लिहून घेतलेली असावी. ३५ हजार फुटांवर व्हेटला फोन लागत नाही.

विमान भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पाचला उतरेल. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे साडेसात वाजलेले असतील. इमिग्रेशन, सामान, टॅक्सी करून घर गाठलं, की साडेनऊला पुढचा डोस. म्हणजे अख्ख्या प्रवासात हवेत फक्त एकच इंजेक्शन.

ते एक इंजेक्शनही पेटीतच द्यावं लागतं. बहुतेक कंपन्यांच्या नियमांनुसार पेटी समोरच्या सीटखाली ठेवायची असते आणि मांजर तिच्याबाहेर काढायचं नसतं. म्हणून वरून चेन उघडणारी मऊ पेटी बरी पडते. निघायच्या आधी महिनाभर तरी ती घरात उघडी ठेवायची, त्यातच खायला द्यायचं आणि त्यातच टोचायची सवय करायची.

मांजर बसणार कुठे?

इथे सगळा निर्णय फिरतो. केबिनमध्ये मांजर पायाशी असतं, त्यामुळे साखर बघता येते, खायला देता येतं. कार्गोतून गेलं तर मालकाला वाटेत काहीच करता येत नाही. थरथर सुरू झाली तरी कुणाला दिसणार नाही. त्यामुळे मधुमेही मांजरासाठी तिकीट काढताना स्वस्त काय यापेक्षा केबिनमध्ये परवानगी कोण देतं, हे आधी बघावं लागतं. प्रत्येक कंपनीचे वजनाचे आणि पेटीच्या मापाचे नियम वेगळे असतात. एका विमानात मोजक्याच प्राण्यांना जागा असते, म्हणून बुकिंगही लवकर करावं लागतं.

काही ठिकाणी परवानगी कंपनीच्या हातातच नसते. ब्रिटनमध्ये विमानाने येणारी पाळीव मांजरं कार्गोमधूनच यावी लागतात. म्हणून काही लोक मांजराला केबिनमधून पॅरिस किंवा ॲमस्टरडॅमपर्यंत नेतात आणि पुढे रस्त्याने, मग युरोटनेल किंवा फेरीने ब्रिटन गाठतात. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट मांजर नेताच येत नाही, आधी मान्यताप्राप्त देशात मुक्काम करावा लागतो.

कागदपत्रांना किती वेळ लागतो?

भारतातून मांजर बाहेर नेताना ‘ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिस’ या सरकारी यंत्रणेचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तिचं कार्यालय मुंबईतही आहे.

पुढचं देशावर अवलंबून. अमेरिकेत मांजरांसाठी केंद्रीय पातळीवर रेबीज लशीच्या दाखल्याची सक्ती नाही. पण अनेक राज्यं आणि विमान कंपन्या तो मागतात, त्यामुळे लस घेतलेलीच बरी. हवाईचे नियम मात्र बरेच कडक आहेत.

युरोपीय संघ आणि ब्रिटनसाठी मायक्रोचिप, त्यानंतर रेबीजची लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची अँटीबॉडी चाचणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं, असा क्रम आहे. म्हणजे लस नव्याने द्यायची असेल तर चारेक महिने लागतात. हा वेळ वाया जात नाही. याच काळात साखर स्थिर करता येते. काहींचं इन्शुलिन या काळात कमीही होतं.

४० आणि १०० चा घोळ

भारतातून जाणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष सांभाळायची. आपल्याकडे इन्शुलिन दोन तीव्रतेत मिळतं. एका मिलीलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. दोन्हीच्या सिरिंज वेगळ्या असतात. साधारणपणे ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल आणि १०० वालीचं नारिंगी असतं. अमेरिकेत माणसांच्या औषधांच्या दुकानात सहसा १०० वालीच मिळते, ४० चं माप तिथे मुख्यतः प्राण्यांच्या इन्शुलिनपुरतं उरलंय.

आता ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्शुलिन दोनच्या खुणेपर्यंत भरलं, तर दोनऐवजी पाच युनिट जातात. म्हणजे अडीचपट. लहानशा मांजरासाठी ही चूक जीवघेणी ठरू शकते. त्यामुळे इन्शुलिन आणि त्याच्याच मापाच्या सिरिंज दोन-तीन महिन्यांना पुरतील इतक्या बरोबर न्यायच्या. बाटली बदलली की सिरिंज तपासायची.

हँडबॅगेत काय असावं?

इन्शुलिन चेक-इन सामानात कधीच टाकायचं नाही. बॅग हरवू शकते आणि गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायची असते. त्यासाठी छोटी थंड पिशवी पुरते, फक्त बाटली बर्फाला थेट टेकू द्यायची नाही.

सोबत ग्लुकोमीटर, पट्ट्या, व्हेटची सही-शिक्क्याची चिठ्ठी, नेहमीचं खाणं आणि वापरलेल्या सुयांसाठी झाकणाचा कडक डबा. सुई सीटच्या खिशात टाकायची नाही. मधुमेही मांजर लघवी जास्त करतं आणि केबिनची हवा फार कोरडी असते, म्हणून शोषून घेणारे पॅड जास्तीचे घ्यायचे आणि पाणी वरचेवर पुढे करायचं.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे मधाची किंवा ग्लुकोज सिरपची छोटी पुडी. साखर खूप उतरल्याची लक्षणं दिसली तर ते हिरड्यांना चोळायचं. शुद्ध हरपलेल्या मांजराच्या तोंडात मात्र काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. आणि उतरल्या उतरल्या व्हेट गाठायचा.

सुरक्षा तपासणीत पेटी एक्स-रेतून जाते, मांजर नाही. त्याला उचलून मालकाला चालत पुढे जावं लागतं. घाबरलेलं मांजर तिथेच निसटतं, म्हणून अंगात पट्टा हवाच. बंद खोलीत तपासणी करता येईल का, असंही विचारता येतं.

गुंगीचं औषध देऊन टाकलं तर?

‘झोपवूनच नेऊ’ हा मोह अनेकांना होतो. पशुवैद्यक सहसा तसा सल्ला देत नाहीत. गुंगीच्या काही औषधांनी रक्तदाब उतरतो, श्वासावर परिणाम होतो, आणि गुंगीतलं मांजर अनेक कंपन्या विमानात घेतही नाहीत. मधुमेही मांजरात आणखी एक पेच आहे. ते गळून पडलंय ते औषधाने की साखर उतरल्याने, हे ओळखायचं कसं? ताण कमी करणारं गॅबापेंटिनसारखं सौम्य औषध व्हेट कधीकधी सुचवतात. ते घ्यायचंच तर आधी घरी एकदा देऊन परिणाम बघितला जातो.

मग न्यायचं की नाही?

साखर सतत वर-खाली होत असेल, नुकतंच निदान झालं असेल, किडनीचा किंवा हृदयाचाही आजार असेल, तर प्रवास पुढे ढकलणं किंवा कुणीतरी एकाने दोन महिने मागे राहणं जास्त शहाणपणाचं ठरतं. पण साखर स्थिर असेल, केबिनमध्ये जागा असेल आणि व्हेटची लेखी सूचना खिशात असेल, तर मधुमेह आहे एवढ्याच कारणाने बोक्याला मागे सोडायची गरज नाही.

न्यूयॉर्कच्या घरात सकाळी साडेनऊला बोक्याने बशी चाटून पुसून साफ केली आणि मग सुई लागली, की समजायचं, गाडी रुळावर आली. भारतीय वेळेवर ठेवलेलं ते घड्याळ मात्र अजून काही दिवस तसंच राहू द्यायला हरकत नाही. आई-बाबांना फोन कधी लावायचा हेही त्यावरच कळतं.