पदवी आपल्याकडे आहे, पण साइटवरचा लॅपटॉप कोणाकडे?

पोहरादेवीत नगाऱ्याच्या आकाराचे बंजारा विरासत संग्रहालय उभे राहिले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याआधी वाशिम जिल्ह्यातील मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. मोठी बांधकामे आपल्या दारापर्यंत आली. पण त्या कामांवर आपली मुले-मुली कुठे उभी असतात?

आई-वडिलांनी विटा-वाळू वाहून शिकवले. मुलांनी बांधकाम व्यवस्थापनाची पदवी घेतली. तरीही अनेक जण साइटवर हजेरी मांडण्यात आणि सिमेंटच्या गोण्या मोजण्यातच अडकतात. कारण कामाचे निर्णय आता संगणकावर होतात आणि ते कौशल्य पदवीसोबत आपोआप मिळत नाही.

काय शिकावे?

एक्सेल : अंदाजपत्रक, मोजमाप, बिल सगळे यातच. सरकारी निविदा ऑनलाइन भरल्या जातात. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पाची प्रगती दर तीन महिन्यांनी ऑनलाइन द्यावी लागते. सुरुवात इथूनच करावी.

वेळापत्रक : एमएस प्रोजेक्ट किंवा प्रायमाव्हेरा. पाया आठ दिवस लांबला तर पुढचे सगळे लांबते. कंपाउंडची भिंत आठ दिवस लांबली तर बहुधा काही अडत नाही. कोणते काम लांबले तर अख्खा प्रकल्प लांबेल, हे ज्याला आधी सांगता येते त्याला बैठकीत बोलावले जाते.

मोजणी : टोटल स्टेशन आणि ड्रोन. गोल इमारतीची आखणी नुसत्या दोरीवर भागत नाही; प्रत्येक बिंदू यंत्राने जमिनीवर उतरवावा लागतो. ड्रोन पायलटच्या प्रमाणपत्रासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण लागते.

बिम : इमारतीचे त्रिमितीय मॉडेल. पाण्याचा पाइप बीमला कुठे आडवा येतो, हे बांधण्याआधीच दिसते. त्यात वेळ आणि खर्च जोडला की ते फाईव्ह-डी होते. नागपूर मेट्रोने हीच पद्धत वापरली.

पैसे नसतील तर?

ऑटोकॅड आणि रेव्हिट विद्यार्थ्यांना मोफत मिळतात, म्हणून कॉलेजात असतानाच शिकून घ्या. प्रोजेक्टलिब्रे हे वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर सर्वांनाच मोफत आहे. 'स्वयम्' पोर्टलवरचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, परीक्षेचे शुल्क तेवढे पडते. बार्टीच्या कौशल्य प्रशिक्षणाच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. महागडा क्लास लावण्याआधी एवढे करून बघा.

एक सावधगिरी मात्र हवी. मोजमाप चुकीचे भरले तर सॉफ्टवेअर उत्तरही चुकीचेच देते. माल कसा कालवतात, सळई कशी बांधतात, हे ज्या घरात रोजचे आहे त्या घरातल्या मुलीला संगणकावरची चूक लवकर दिसते. घरातला हा अनुभव कमीपणाचा नाही, ते आपले भांडवल आहे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेबांकडे मजूर खात्यासोबत पाटबंधारे, वीज आणि सार्वजनिक बांधकामाचीही जबाबदारी होती. मजुरांचे हक्क आणि देशाची बांधणी त्यांनी एकाच टेबलावर हाताळली. आपल्या विहारात रविवारी दोन तास, दोन जुने लॅपटॉप आणि शिकवायला एक नोकरी करणारा इंजिनिअर, एवढ्यावर वर्ग सुरू होतो. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग त्यासाठी बाजूला काढूया.

जय भीम!