छातीवर ठेवलेली मूठ

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात माझा दवाखाना आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तिथे हमखास कानी पडणारे बोलणे म्हणजे, "साहेब, गॅस झाला वाटते, एखादी गोळी द्या." गोळी मी लगेच देत नाही. आधी म्हणतो, दुखते कुठे ते हाताने दाखवा.

कोणी एका बोटाने बरगडीवरची नेमकी जागा दाखवतो, दाबले की कळवळतो. ते दुखणे बहुधा स्नायूचे निघते. कोणी मात्र मूठ आवळून छातीच्या मधोमध ठेवतो. तसे केले की मी खुर्ची पुढे ओढतो आणि बाहेरच्या रांगेला थांबायला सांगतो.

असाच एक पन्नाशीतला शेतकरी आला होता. "कट्टा उचलून ट्रॉलीपर्यंत नेला का छातीवर कोणी बसल्यावानी वाटते. जबडा आखडते. बांधावर टेकलो का दोन-चार मिनिटांत मोकळं होते." जेवून लगेच कामाला लागले तर त्रास लवकर सुरू होतो, हेही त्याने न विचारता सांगितले. ईसीजी काढला, तो स्वच्छ आला. मुलगा म्हणाला, "मग काही नाही ना, साहेब?" मी त्याला समजावले की ही पट्टी बाबा निवांत पडलेले असताना काढली आहे आणि त्रास होतो तो ओझे उचलताना. अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून आरामापुरते रक्त जाते. हृदय जोरात चालू लागले की ते अपुरे पडते आणि स्नायू तक्रार करतो. अकोल्याला अँजिओग्राफी झाली, तेव्हा एक मोठी वाहिनी बरीच अरुंद झालेली दिसली.

लंडनचे डॉक्टर विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये याच दुखण्याचे वर्णन केले होते. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर येणारे, उभे राहिले की थांबणारे. ईसीजीचे यंत्र तेव्हा कल्पनेतही नव्हते. त्यांनी फक्त रुग्णांचे बोलणे मन लावून ऐकले. आजही मला वाटते, निदानाचे अर्धेअधिक काम या ऐकण्यातच होते. तपासण्या त्यानंतर.

लोकांना गॅस वाटतो, यात त्यांची चूक नाही. हृदयाकडून येणाऱ्या संवेदना आणि हात, जबडा, पोटाचा वरचा भाग यांच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच वाटेने पोचतात. मेंदूला नेमके ठिकाण उमगत नाही. म्हणून काळजी करायची ती दुखण्याच्या वेळेची आणि कारणाची. श्रमाने येते का? विसाव्याने जाते का? आणि बसूनही पंधरा-वीस मिनिटे थांबले नाही, दरदरून घाम फुटला, तर वाहिनीत गुठळी अडकली असे समजून निघायचे.

या निघण्यालाच उशीर होतो. २००८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या 'क्रिएट' या भारतीय पाहणीत वीस हजारांहून अधिक रुग्ण होते. त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतचा मध्यम काळ सहा तासांचा होता. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या दोन-तीन तासांत सर्वांत उपयोगी पडते आणि बारा तासांनंतर बहुधा देतच नाहीत. वाशिमहून अकोला ऐंशी किलोमीटरच्या आसपास. त्यात घरी सोडा पिऊन, शेक देऊन घालवलेली दुपार मिळवा.

बाया आणि साखरेचे रुग्ण यांच्याबाबत मी जास्त सावध असतो. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरची मावशी आली, तिला छातीत काही दुखतच नव्हते. "पाण्याचा हंडा आणला का दम लागते, जीव घाबरा होते," एवढेच. महिन्यापूर्वी तोच हंडा ती न थांबता आणत होती. दुखणे नसूनही हा बदल माझ्यासाठी मोठे लक्षण होते. मधुमेह जुना असेल तर नसा बधिर होतात आणि झटकासुद्धा दुखल्याशिवाय येऊ शकतो. तेव्हा अचानक थकवा, घाम, मळमळ, दम यांकडे वयाचे दुखणे म्हणून पाहू नका.

असा त्रास झाला तर माणसाला मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका, त्याला चालवूही नका. १०८ ला फोन करा, किती वाजता सुरू झाले ते सांगा आणि अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी चावून खायला द्या. वाटेत हृदयाची लय बिघडली तर १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, मोटारसायकलवर नसतो.