जंगल राखणारं गावपण

संरक्षित जंगलाच्या कडेला राहणारी माणसं झाड तोडतात की राखतात, हे कायद्याच्या धाकापेक्षा आपसातल्या नात्यांवर अधिक ठरतं. शेजारी नियम पाळतो हा भरवसा असला की माणूस स्वतःही पाळतो. सामाईक संपत्तीच्या अशाच अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

खान्देशातलं ठळक उदाहरण धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा. चैत्राम पवार यांच्या पुढाकारानं १९९०च्या दशकात या आदिवासी पाड्यानं उजाड डोंगरावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली. जंगलात बैलगाडी न्यायची नाही, नियम मोडला तर दंड, हे गावानंच ठरवलं. आज ४०० हेक्टरांहून अधिक जंगल उभं आहे. दरवर्षीच्या वनभाजी स्पर्धेत बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात. जंगल ताटात दिसतं, म्हणून ते जपावंसं वाटतं. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

जळगाव जिल्ह्यात यावल अभयारण्य १९६९ पासून आहे. त्याच्या परिसरात पावरा, तडवी, बारेला वस्त्या आहेत. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला २००६च्या वनहक्क कायद्यानं जंगल राखण्याचा अधिकार दिला. मात्र तो वापरायला गावात एकी लागते.

शहरातही सूत्र हेच. जळगाव शहरातल्या मेहरूण तलावात गणेश विसर्जन होतं. निर्माल्य पाण्यात जाऊ द्यायचं नाही, हे मंडळांनी मिळून ठरवलं की घरोघरचे भाविकही ते पाळतात.