माळशेजचा कोणता दगड पडणार? भेगा मोजणारा फोन आणि ड्रोन

आम्हा कल्याणकरांसाठी पावसाळा म्हणजे मुरबाडमार्गे माळशेज. आणि मग ती ठरलेली बातमी: घाटात दरड कोसळली, वाहतूक बंद. एवढ्या मोठ्या कड्यातला नेमका कोणता दगड सुटणार, हे आधी कळतं का? वेळ सांगता येत नाही. जागा मात्र बऱ्यापैकी सांगता येते, त्यासाठी भेगा मोजाव्या लागतात.

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर साचलेला. थंड होताना तो आकसला आणि त्याला उभ्या चिरा पडल्या. दोन थरांमध्ये काही ठिकाणी लाल मातीसारखा मऊ पट्टा असतो. तो झिजला की वरचा कातळ अधांतरी राहतो. मला तरी कड्याच्या उंचीपेक्षा ही लाल रेघ जास्त घाबरवते.

प्रत्येक भेगेचे दोन आकडे घेतात: ती कोणत्या दिशेला कलली आहे आणि किती अंशांनी. भेग रस्त्याकडे कललेली, तिचा कल कड्याच्या उतारापेक्षा कमी, पण घर्षण दगडाला धरून ठेवेल त्या कोनापेक्षा जास्त, असं जुळलं की दगड घसरू शकतो. कोरड्या कातळात हा कोन साधारण ३०-३५ अंश असतो. भेगेत ओली माती शिरली की बराच कमी. उभ्या चिरांचे खांब मात्र घसरत नाहीत, ते पुढे कलंडतात.

हे मोजायला आता फील्डमूव्ह क्लायनोसारखी ॲप्स आहेत. फोन दगडाला सपाट टेकवायचा. ॲक्सेलरोमीटर कल देतो, मॅग्नेटोमीटर दिशा, जीपीएस जागा. गंमत म्हणजे आपल्या कातळातच चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे फोनची दिशा भरकटते. म्हणून एकाच भेगेचे अनेक रीडिंग घ्यायचे आणि दिशा नकाशावर पडताळायची.

उंच कड्यावर हात पोचत नाही, तिथे ड्रोन. एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो जोडून थ्रीडी मॉडेल बनतं आणि सॉफ्टवेअर त्यातून भेगांचे कोन काढतं. मग कुठले दगड आधीच पाडायचे, कुठे जाळी, कुठे बोल्ट, हे ठरवता येतं. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळल्यावर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सुटे दगड काढून जाळ्या बसवल्या, त्या जाताना दिसतात.

ॲपची प्रॅक्टिस करायची तर घराजवळच्या कोरड्या खडकावर करा, पावसात कड्याखाली नको. आणि धबधब्याजवळ बाइक लावण्याआधी वर बघा: काळ्या कातळात फिकट, ताजा तुटलेला भाग दिसला किंवा रस्त्यावर नवे दगड पडलेले असले, तर सेल्फी पुढच्या वळणावर.