यंत्राआधी कामाची रीत

काळी सिंध नदीच्या काठचे सोनकच्छ हे देवास जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण. भोवतालचा माळवा काळ्या जमिनीचा आणि सोयाबीनचा. येथील शेतकऱ्याला मालाचा भाव कळे तो मंडीत लिलाव झाल्यावरच. भाव पडला, तरी भरलेली गाडी परत नेण्याचे भाडे सोसण्यापेक्षा मिळेल ते पदरात घेणे त्याला भाग पडे. आडत्यामार्फत खरेदी करणाऱ्या कंपनीचाही मालाच्या प्रतीवर फारसा ताबा नसे.

जून २००० मध्ये आयटीसी कंपनीने मध्य प्रदेशात ‘ई-चौपाल’ सुरू केली. गावातील एखाद्या शेतकऱ्याला संचालक नेमून त्याच्या घरी संगणक ठेवण्यात आला. परंतु संगणक दारी आला म्हणून व्यवहार सुधारतो काय? कंपनीने खरेदीची रीतच पालटली. भाव गावातच आधी कळू लागला. संचालक नमुना पाहून किमतीचा अंदाज देई. खरेदी-केंद्रावर माल विजेच्या काट्यावर तोलून पैसे तेथेच चुकते होत. आडत्यांपैकी काहींना संयोजक म्हणून सामावून घेण्यात आले.

अर्थशास्त्रज्ञ अपराजिता गोयल यांच्या २०१० मधील अभ्यासानुसार, या योजनेमुळे मंडीतील सोयाबीनचा भावही सरासरी १ ते ३ टक्क्यांनी वाढला. म्हणजे कंपनीला माल न विकणाऱ्यासही लाभ झाला.

कारखाना असो वा पेढी, काम कोठे अडते हे प्रथम शोधावे आणि मगच यंत्र आणावे. सदोष रीतीला संगणक जोडला, तर दोष तेवढे अधिक वेगाने घडू लागतात.